उन्हाळ्यात घातलेलं पाणी

ओमानला जाऊन आले म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. सोनं आणलंस का, आणि उंट बघितलास का. सोनं आणलं नाही. उंट एक दिसला, तोही एका गाडीच्या हौद्यात ऐटीत बसून कुठेतरी निघाला होता. मी गेले होते झाडं बघायला, आणि त्यातली बहुतेक मेलेली होती. हे सांगितलं की विचारणारा पुढे काही विचारत नाही, म्हणून आता सगळंच लिहून काढते आहे.

माझा धाकटा भाऊ वसंता एकतीस वर्षं तिथे बरका नावाच्या गावी एका शेतावर कामाला होता. शेताचे मालक सालिम, त्यांना तो अर्बाब म्हणतो. तिथे मालकाला सगळेच अर्बाब म्हणतात. वसंताचं वय साठीच्या पुढे गेलं, अर्बाबच्या मुलांना शेतीत रस नाही, तेव्हा आता त्याने कायमचं घरी यायचं ठरलं होतं. पण दिवाळीला येतो म्हणाला आणि आला नाही. संक्रांतीला येतो म्हणाला, तेव्हाही नाही. शेवटी फोनवर म्हणाला, "आक्का, एकदा तू हितं येऊन बघ. तू बघितलंस तर कळंल झाडं का मरतात ती. अर्बाबला सांगितल्याबिगर मी कसा येऊ?"

झाडांची गोष्ट अशी. अर्बाबचं मूळ गाव वर डोंगरात, जबल अख्दरवर. त्यांच्या जुन्या घरामागच्या उतारावर पूर्वी अलअलानची झाडं होती. अलअलान म्हणजे जुनिपर, सुरूच्या जवळचं, खवल्यांसारख्या पानांचं, अतिशय सावकाश वाढणारं झाड. ती जुनी झाडं एकेक करून वाळत गेली. चार वर्षांपूर्वी अर्बाबने वसंताला सांगितलं, तुझ्या हाताला गुण आहे, तू हा उतार पुन्हा लाव. वसंताने दर हिवाळ्यात रोपं लावली आणि दर उन्हाळ्यात ती मेली. इकडे अर्बाब आजारी पडले, अंथरुणाला खिळले. एकतीस वर्षांत त्या माणसाने वसंताकडे स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एकच गोष्ट होती.

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवला. झाडांचं मला कळतं, असं आमच्या घरात सगळे मानतात. मी तर मानत होतेच.

बरका

फेब्रुवारीत गेले. विमानतळावर वसंता आणि त्याचे मित्र रफीकभाई आले होते. रफीकभाई मूळचे दापोलीकडचे, बरक्यात त्यांचं किराणा दुकान आहे. दुकानात आमसुलं, तांदळाचं पीठ, कुळीथ, सगळं मांडलेलं. "बाय, हितं सगला मिलता," ते म्हणाले, "फकस्त पाऊस मिलत नाय."

वसंता पार पिकला होता. फोनवरच्या चेहऱ्यात ते कळत नाही. विमानतळावर त्याने माझी बॅग हातातून काढून घेतली आणि माझ्यामागून चालू लागला, लहानपणी माझं दप्तर घेऊन चालायचा तसा. मला भरून आलं आणि ते लपवायला मी त्याच्या शर्टाच्या तुटलेल्या बटणावरून त्याला बोलले.

शेतावर त्याची एक खोली. पुढे खजुराच्या रांगा, मधल्या जागेत गुरांचं गवत आणि लिंबं. त्याने माशांच्या बाजारातून सुरमई आणून कालवण केलं, तेही सुक्या खोबऱ्याच्या पुडीचं. मी नावं ठेवायच्या तयारीतच बसले होते, पण पहिल्या घासाला गप्प झाले. जेवताना तो मोबाइलवर रोपांचे फोटो दाखवत होता. हे पहिल्या सालचं, हे दुसऱ्या. शेंडे तांबूस झालेले, मग तपकिरी, मग नुसती काडी.

"अर्बाब सीबला पोराकडं हाय," तो म्हणाला. "आपल्याला विमान पकडायच्या आधी तिथं जायचंय. तो दुसरं काय विचारणार नाय. झाडं कशी हायत, येवढंच विचारणार."

"उद्या जाऊन बघू. निघेल काहीतरी कारण," मी म्हटलं. डॉक्टर रोग्याला सांगतात त्या सुरात.

खालच्या चौकीवर

दुसऱ्या दिवशी आम्ही वर पोचलोच नाही, आणि ते माझ्यामुळे. रफीकभाई म्हणत होते, माझी जीप उद्या मोकळी आहे, उद्या जाऊ. मला धीर नव्हता. वसंताने शेतावरची लहान गाडी काढली. तो दोनदा म्हणाला, आक्का, ही गाडी वर सोडत नाहीत. मी म्हटलं, आपल्याकडे कुंभार्ली घाटात एसटी जाते, तुझी गाडी डांबरी रस्त्याने जाणार नाही होय?

डोंगराच्या पायथ्याला पोलिसांची चौकी आहे. चारही चाकं ओढणारी गाडी नसेल तर तिथून पुढे सोडत नाहीत, कारण उतरताना ब्रेक तापून गाड्या दरीत गेलेल्या आहेत. पोलिसाने नम्रपणे छातीवर हात ठेवून आम्हाला परत फिरवलं. वसंता मला एका शब्दाने बोलला नाही. वाटेत एका टपरीवर त्याने मला कडक चहा पाजला, आणि परतीच्या दोन तासांत गावाकडची माणसं एकेक करून विचारली, कोण आहे, कोण गेलं.

वर

तिसऱ्या दिवशी जीपने चढलो. आखातात कसली आली थंडी म्हणून मी स्वेटर नेला नव्हता. वर गाडीचं दार उघडलं आणि दात वाजायला लागले. वसंताचा कोट अंगावर चढवला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत येत होता. रफीकभाईंनी दुसरीकडे बघून हसू आवरलं.

ज्यांनी तो डोंगर पाहिला नाही त्यांना सांगते. आपल्या मनातलं आखात म्हणजे वाळू. इथे वाळूचा कण नाही. राखाडी दगड, दगडावर दगड, खोल घळी, आणि मधूनमधून काळपट हिरवी झुडपं. लांबून ती सगळी सारखी दिसतात. जवळ गेलं की एकेक वेगळं होतं. रानटी ऑलिव्ह, ज्याला तिथले लोक अतम म्हणतात. त्याचं पान वरून गडद आणि खालून चंदेरी. आपल्या सह्याद्रीच्या उजाड टेकड्यांवर येतात तीच जखमी नावाची चिकट पानांची झुडपं इथेही होती. माहेरचं माणूस भेटावं तशी मी त्यांच्या पानांवरून हात फिरवून आले. आणि एका घरापुढच्या डाळिंबाच्या निष्पर्ण फांदीवर शिंजीर, अगदी आपल्या अंगणातल्या जास्वंदीवर येतो तोच, निळाजांभळा, शेपूट हलवत.

पान कुठलंही घ्या, लहान, जाड, वरून मेणचट. चुरगाळलं तर बोटांना वास राहतो. हे सगळं मला पाठ होतं. भूगोलाच्या पुस्तकात एक टीप असायची, चॅपरल. कॅलिफोर्निया, भूमध्य समुद्राचा काठ, थोडा हिवाळी पाऊस, लांब कोरडा उन्हाळा, चिवट लहान पानांची झुडपं. दोन गुणांना यायची. हा डोंगर अगदी तसाच नव्हे, इथे उन्हाळ्यातही कधी गडगडाट होऊन एखादी सर येते असं वसंता म्हणाला, पण झाडांची जात त्याच घराण्यातली. मी रफीकभाईंना आणि वसंताला उभं करून ती सगळी टीप ऐकवली. वसंता मान डोलावत होता. रफीकभाईंना म्हणाला, "बघा, मी काय बोल्लो होतो, हिला सगळं माहीत."

एका कड्यावरून पांढरं गिधाड संथ गेलं, पिवळ्या तोंडाचं. आमच्या गावी लहानपणी दिसायची. मेलेलं जनावर टाकलं की यायची. किती वर्षांत दिसली नाहीत हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं. खाली घळीत मोकाट गाढवं चरत होती, आणि बकऱ्या तर सगळीकडे, अतमच्या झाडाशी मागच्या पायांवर उभ्या राहून तोंड पोचेल तेवढं ओरबाडत.

मग जुने अलअलान दिसू लागले. आधी मला ते कातळाचाच भाग वाटले. पिळवटलेली, राखाडी, साल उडालेली खोडं, उभीच्या उभी वाळलेली. काहींची एखादीच फांदी हिरवी होती. वसंता म्हणाला, थंडीतला पाऊस हल्ली नेमाने येत नाही, वर उंचावर अजून जंगल बरं आहे, खालून मात्र मरत वर चाललंय. झाडं डोंगर चढू शकत नाहीत, हे मुलांना शिकवताना सोपं असतं. मला तिथे फार वेळ उभं राहवेना.

उतार

अर्बाबचं घर दगडामातीचं, बंद. शेजारी राहणारे खमीस चाचा किल्ली घेऊन आले. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत पण आमच्यापेक्षा भरभर चालणारे. त्यांनी आधी ओट्यावर बसवलं. साखर नसलेली वेलचीची कॉफी, बोटभर कपात, सोबत खजूर. कप पुरे झाला की तो हलवायचा असतो, नाहीतर ते ओततच राहतात. मला ठाऊक नव्हतं, मी चार कप प्याले. चाचांना हिंदी येत होतं, तिथे पुष्कळ जुन्या माणसांना येतं.

मग मागच्या उतारावर गेलो.

वसंताने काम नेटकं केलं होतं. त्याचं काम नेटकंच असतं. दगडांच्या बांधांवर ओळीने रोपं, वर पाण्याची टाकी, टाकीपासून प्रत्येक रोपापर्यंत काळा पाइप. बकऱ्यांसाठी तारेचं कुंपण. प्रत्येक रोपाभोवती गोल, खोल आळं. आळ्यात गवत आणि पाला दाबून भरलेला. आपल्याकडे हापूसच्या नव्या कलमाला करतात अगदी तसं. कलमाला पहिली तीनचार वर्षं उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही, बुंध्याशी ओल धरायची, हे कोकणातल्या पोराटोरांना माहीत असतं. वसंता गेले चार उन्हाळे या घरात राहून रोज संध्याकाळी टाकीचा नळ सोडत होता.

सगळ्या रोपांच्या काड्या झाल्या होत्या. एकेक करत मी पुढे गेले. शेवटच्या बांधाच्या पलीकडे, कुंपणाच्या कोपऱ्यात, दोन रोपं हिरवी होती. वीतभरच, पण निळसर हिरवी, टवटवीत. मला आनंद झाला.

"ही बघ! ही जगलीत. यांना पाणी नीट पोचलं असणार."

"नाय गो," वसंता म्हणाला. "ती जास्तीची होती म्हणून तिकडं लावली. तिथवर पाइप पोचतच नाय."

चाचा काही बोलायच्या आधीच मला सगळं समजलं होतं. मेलेल्या रोपापाशी वसंताने कुदळीने माती उकरली. मुळं काळी, मऊ, बोटात धरताच साल सुटत होती. कुजल्याचा वास आला. चाचांनी वाकून एक मूळ उचललं, हुंगलं आणि खाली टाकलं.

"पानी," ते म्हणाले. "गर्मी में पानी. गर्मी में अलअलान पीता नहीं, चुप बैठता है. ठंडी में पीता है. तुम गर्मी में दिया, रोज दिया, खलास." मग वसंताकडे काठी करून, रागाने नव्हे, पण जोर देऊन म्हणाले, "मैं बोला इसको. पहला साल बोला. दूसरा साल भी बोला. ये सुना नहीं. वसंत, क्यों नहीं सुना?"

वसंता आळ्यातल्या पाल्याकडे बघत होता. "मेरा गलती, चाचा," तो म्हणाला.

त्याने का ऐकलं नाही हे तिथे फक्त मला आणि त्याला माहीत होतं. पहिल्या उन्हाळ्यात शेंडे तांबूस झाले तेव्हा त्याने मला फोन केला होता. मी फोटो बघितला आणि लगेच सांगितलं, पाणी कमी पडतंय, आळं मोठं कर, रोज पाणी दे, पाला घाल. दुसऱ्या वर्षी तेच सांगितलं, वर रागावलेही होते, की तू मी सांगते तसं करत नसशील. तिसऱ्या वर्षीही तेच.

मी त्या उतारावर तोंड उघडायला हवं होतं. रफीकभाई उभे होते, चाचा उभे होते, आणि तासाभरापूर्वी मी रफीकभाईंना चॅपरलची टीप ऐकवली होती. त्यात एक वाक्य असायचं, मी ते फळ्यावर अधोरेखित करायची: या झाडांची वाढ हिवाळ्यात होते, कोरड्या उन्हाळ्यात ती विश्रांती घेतात. मी वसंताचा कोट आवळून उभी राहिले आणि गप्प राहिले. भावाने माझी चूक डोक्यावर घेतली आणि मी ती घेऊ दिली. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

घाट उतरताना

उतरताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनही ब्रेक तापतात. अर्ध्या घाटात रफीकभाईंनी गाडी थांबवली आणि ते कडेला नमाज पढायला गेले. आम्ही दोघं दगडावर बसलो. वाऱ्याला झुडपांचा कडवट वास होता.

"चाचा सांगत होते हे मला का नाही बोललास?" मी विचारलं.

"काय बोलायचं? तू बोललीस पाणी घाल. तो म्हातारा कधी शाळेत गेला नाय, आणि तू येवढी शिकलेली. मला वाटलं, त्याचं काय ऐकायचं."

"मी हा डोंगर कधी बघितला नव्हता, वसंता."

"पण तुला पुस्तकातला माहीत ना."

हे ऐकल्यावर मला आणखी लपवता येईना. मी त्याला सांगितलं की पुस्तकात होतं. उन्हाळ्यात यांना पाणी लागत नाही हे पुस्तकातच होतं, मी दरवर्षी शिकवायची, पेपरात विचारायची, आणि तुझा फोन आला तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. मला आपली कलमं आठवली. बोलता बोलता मी रडायला लागले.

त्याने खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला. चार उन्हाळे त्याने वर त्या घरात एकट्याने काढले होते. गावी बायकोमुलांकडे जायची सुट्टी सोडून काढले होते.

"इसरली असशील," तो म्हणाला. "तुला काय एक काम असतं?"

यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात रफीकभाईंनी "यल्ला, चला बाय" म्हणून हाक मारली आणि आम्ही उठलो.

सीब

शेवटच्या दिवशी सामान गाडीत भरूनच सीबला गेलो. वसंताच्या एकतीस वर्षांच्या दोन बॅगा झाल्या. गल्लीत कपड्यांची दुकानं, आपल्याकडच्या बायका शाळेतून मुलं आणत होत्या, मुलं आपसात इंग्रजी बोलत होती. अर्बाबच्या मुलाने दार उघडलं आणि आत नेलं.

अर्बाब उशांना टेकून पडले होते. हाडाचा सापळा, पण दाढी विंचरलेली, अंगरखा स्वच्छ. वसंताने वाकून त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्यांनी त्याचा हात धरला तो सोडला नाही. हलवा आला, कॉफी आली. या वेळी मी पहिल्याच कपाला कप हलवला. घरचे सगळे कसे आहेत, विमान किती वाजता आहे, एवढं विचारून झालं.

"वसंत," अर्बाब म्हणाले, "झाड कैसा है?"

"दो है, अर्बाब. दो अच्छा है. बाकी खलास हो गया. मेरे हाथ से."

त्या मरणाच्या वाटेवरच्या माणसासमोर त्याने दुसऱ्यांदा ते स्वतःवर घेतलं, आणि या वेळी मला ते सहन झालं नाही. माझं हिंदी दिव्य आहे. तरी बोलले. "इसके हाथ से नहीं. मैंने बोला था. फोन पे मैंने बोला, गर्मी में पानी डालो. इसने मेरा सुना. गलती मेरी है."

अर्बाबने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग वसंताला विचारलं, "ये कौन?"

"मेरी बहन, अर्बाब," वसंता म्हणाला. त्याचा आवाज एकदम ताठ झाला. "बडी बहन. टीचर है. झाड का सब मालूम है इसको."

त्यात टोमणा नव्हता. मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, कुठे थोडासा तरी टोमणा असेल तर मला हवा होता. नव्हता.

अर्बाबने अशक्त हात उचलून छातीवर ठेवला, मला मान दिला. "टीचर," ते म्हणाले. "अच्छा." मग जरा दम घेऊन मला विचारलं, "टीचर, बोलो. वो दो बचेगा?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तयार नसतं असं कधी होत नाही. हिवाळ्यात पाऊस झाला नाही तरच पाणी द्या, बकऱ्या लांब ठेवा, दुपारच्या उन्हाच्या बाजूला दगड रचून सावली करा. बरोबर असेल, नसेल. वसंता माझ्याकडे बघत होता, मी आता काय सांगते ते ऐकायला जरा पुढे झुकून, चार वर्षं फोनवर ऐकत असेल तसा.

"मालूम नहीं," मी म्हटलं.

"इन्शाल्ला," अर्बाब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. वसंताचा हात मात्र तसाच धरून ठेवला. तो सुटेपर्यंत आम्ही थांबलो.

बाहेर आलो. रफीकभाई गाडी सुरू करून उभे होते. वसंताने माझ्यासाठी दार उघडलं, मला बसवलं, आणि काळजीने वाकून विचारलं, "आक्का, बरं वाटत नाय काय तुला?"